हाताखालून गेलेली विद्या

गेल्या वर्षीं श्रावणांतील एका रविवारीं दुपारचीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी ओटीवर बसली असतां आमच्या पुतण्यानें पैशांची एक मागणी पुढें केली. थोरल्या बंधूंचा हा मुलगा त्या वेळीं अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षांत होता. मुलगा शिकतो आहे म्हणजे पैसे लागणारच, तेव्हां मागणींत वावगें असें कांहीं नव्हतें. शेवटच्या वर्षीं चार चार मुलांच्या गटानें एक प्रकल्प करावयाचा असतो. त्यांतील आपल्या वांट्याचे सहा हजार रुपये भरावयाचे आहेत, असें त्यानें सांगितलें. आम्हीं सहज विचारलें, "सामान काय काय आणणार?" तेव्हां तो किंचित् अडखळून म्हणाला, "काका, सामान नाहीं आणायचं. प्रोजेक्टच आणायचा आहे."

आमच्या ध्यानांत येईना, म्हणून त्यानें उलगडून सांगितलें. शहरांत या धंद्याचीं दुकानें आहेत. तेथें यादी मिळते. यादींतून विषय निवडावयाचा, अर्धे पैसे आगाऊ भरावयाचे, आणि ठरल्या दिवशीं चालू स्थितींतील यंत्र, काळ्या पुठ्ठ्याचा बांधीव अहवाल व तोंडी परीक्षेंत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचीं उत्तरें असा सारा संच घेऊन यावयाचें. पुतण्यानें हें सर्व इतक्या निर्मळपणें सांगितलें कीं, त्यांत लपविण्याजोगें कांहीं आहे अशी त्याची समजूतच नसावी. "सगळेच आणतात, काका," इतकेंच त्याचें समर्थन. वहिनींनींही त्याचीच बाजू घेतली. "भावजी, सगळ्यांची मुलं आणतात. मग आपल्याच पोराचं वर्ष कशाला धोक्यांत घालायचं?" हा प्रश्न आईच्या पोटांतून आलेला होता व त्यास तेथल्या तेथें उत्तर देणें आम्हांस साधलें नाहीं. या महिन्याचें सदर त्या उत्तरासाठीं खर्चीं घालीत आहों. ज्या घरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी या शिक्षणांत आहे, त्यांस तें उपयोगीं पडेल अशी आशा आहे.

शांतपणें विचार करतां मुलावर रागावण्याजोगें आम्हांस फारसें कांहीं आढळलें नाहीं. तीन वर्षांत तो उष्णतेचें शास्त्र शिकला होता, द्रवांचें शास्त्र शिकला होता, यंत्रांच्या भागांवर पडणारा ताण काढावयास शिकला होता. आणि गुणही चांगले मिळवीत आला होता. परंतु या तीन वर्षांत "तूं एक वस्तु कर, ती चालव, आणि चालली नाहीं तर कां चालली नाहीं तें सांग," असें त्यास कोणीं एकदांही म्हटलें नव्हतें. पहिल्या वर्षीं वर्कशॉपांत कानशीनें घांसून लोखंडाच्या दोन पट्ट्यांचा एक जोड त्यानें बसविला होता. तो जोड कशाचा व कशासाठीं, हें त्यास ठाऊक नव्हतें. पुढें प्रयोगशाळेंत उपकरण आधींच जुळवून ठेवलेलें असे. भोंवतीं दहा मुलें, आंकडे वाचावयाचे एकानें, जर्नलांत उतरावयाचे सर्वांनीं. उत्तर काय यावयास हवें तें गतवर्षीच्या जर्नलावरून आधींच माहीत. आपला आंकडा त्याशीं जमेना तर आंकडाच सुधारावयाचा. ज्यास तीन वर्षें आंकडे सुधारण्याचा अभ्यास घडला, त्यानें चौथ्या वर्षीं तयार यंत्र विकत आणावें, हें त्या शिक्षणाचें सरळ फळ होय.

येथें कोणी विचारील कीं, सिद्धांत पक्का असेल तर हातानें केल्याविना अडतें काय? याचें उत्तर घरच्या घरीं मिळण्याजोगें आहे. पोलादाची एक फूटपट्टी घ्यावी. तिचें एक टोंक टेबलाच्या कडेवर तळहातानें दाबून धरावें व दहा सेंटिमीटर भाग बाहेर ठेवून टोंकाशीं एक लहानसें वजन टांगावें. टोंक किती खालीं वांकलें तें मोजावें. मग तेंच वजन ठेवून वीस सेंटिमीटर भाग बाहेर काढावा व पुन्हां मोजावें. पुस्तकांतील सूत्र सांगतें कीं, वांक लांबीच्या घनाप्रमाणें वाढतो. म्हणजे लांबी दुप्पट तर वांक आठपट. प्रत्यक्षांत तो आठपटीहून कमीच भरतो. सूत्र खोटें नाहीं. सूत्रानें पट्टीचें टोंक भिंतींत चिणल्यासारखें अचल मानलें आहे, आणि आपला तळहात तर थोडा उचलतो. त्या उचलण्यानें येणारा वांक लांबी दुप्पट केल्यावर चौपटच होतो. दोन्ही वांक मिसळले म्हणजे बेरीज आठपटीच्या अलीकडे राहते. ज्या विद्यार्थ्यानें हा फरक एकदां हातानें अनुभवला, तो पुढें पुलाचा किंवा गच्चीच्या सज्जाचा हिशेब करतांना पहिला प्रश्न विचारील, "हें टोंक कशांत धरलेलें आहे?" ज्यानें केवळ सूत्र पाठ केलें, त्यास हा प्रश्न सुचण्याचें कारणच नाहीं. सिद्धांत कोणत्या गोष्टी गृहीत धरून उभा आहे हें हातास जितक्या लौकर कळतें तितकें डोळ्यांस कळत नाहीं.

पुस्तक कीं हत्यार, हा वाद आजचा नव्हे. पुण्यास १८५४ सालीं सरकारी बांधकाम खात्यासाठीं दुय्यम अधिकारी तयार करण्याकरितां जी शाळा निघाली, तिचें नांवच 'पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' असें दुहेरी होतें. हीच संस्था पुढें पुण्याचें इंजिनियरिंग कॉलेज म्हणून नांवारूपास आली व २०२२ सालीं तिचें विद्यापीठ झालें. रशियांत मॉस्कोच्या तंत्रविद्यालयांत व्हिक्टर डेला-व्हॉस यांनीं १८६८ च्या सुमारास हत्यारांचें काम पायरीपायरीनें शिकविण्याची एक पद्धति बसविली. प्रथम सोपा जोड, मग कठीण जोड, याप्रमाणें नमुन्यांची माळच तिनें लावून दिली. हे नमुने १८७६ सालीं फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत मांडले गेले, तेव्हां बोस्टनजवळील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेचे अध्यक्ष जॉन रंकल यांनीं ते पाहिले व आपल्या संस्थेंत तशीं वर्कशॉपें सुरू करविलीं. या पद्धतींत एक मोठा गुण होता. कारागिराच्या हाताखालीं वर्षानुवर्षें उमेदवारी न करतां थोड्या अवधींत हात तयार होई. दोषही तितकाच मोठा होता. विद्यार्थी जोड करी, पण त्या जोडाची कोणतीही उपयोगी वस्तु होत नसे. आमच्या पुतण्याच्या त्या लोखंडी जोडाची जातकुळी हीच आहे.

पुढें दुसऱ्या महायुद्धानें पारडें उलट बाजूस झुकविलें. रडारसारखीं नवीं साधनें घडवितांना पदार्थविज्ञानाचे पंडित पुढें गेले व हत्यारांत मुरलेले इंजिनियर मागें पडले, असें अमेरिकेंत दिसून आलें. १९५५ सालीं तेथील अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेच्या ग्रिंटर समितीनें गणित व मूलशास्त्रें यांस अधिक जागा द्यावी अशी शिफारस केली आणि वर्कशॉप व रेखन यांचे तास आटत गेले. आपल्याकडे त्याच काळांत नव्या तंत्रसंस्था निघत होत्या. कानपूरच्या संस्थेस तर १९६२ ते १९७२ या दहा वर्षांत अमेरिकेंतील नऊ शिक्षणसंस्थांचें साहाय्य होतें. तेव्हां ही शास्त्रप्रधान दृष्टि इकडेही आली. ती येणें अगदींच अनिष्ट होतें असें आम्ही म्हणत नाहीं. कच्च्या गणितावर विमान उडत नाहीं. परंतु ज्या देशांत मुळांतच हातानें काम करणाऱ्यास खालीं बसविण्याची रीत, तेथें या दृष्टीस फाजील खतपाणी मिळालें, हें कबूल केलें पाहिजे.

जेथें ही अतिरेकी वाढ झाली, तेथेंच तिचा उतारही शोधला गेला. मॅसॅच्युसेट्सच्याच संस्थेंत वूडी फ्लॉवर्स या अध्यापकांनीं १९७० नंतरच्या दशकांत यंत्ररचनेचा एक वर्ग असा चालविला कीं, प्रत्येक विद्यार्थ्यास सारख्याच किरकोळ वस्तूंची एक पेटी द्यावयाची, त्यांतून त्यानें एक यंत्र करावयाचें, आणि शेवटीं सर्व यंत्रांची झुंज लावावयाची. डेन्मार्कांतील आल्बोर्ग येथें १९७४ सालीं निघालेल्या विद्यापीठानें प्रत्येक सत्राचा सुमारें अर्धा वेळ गटाच्या प्रकल्पासच दिला. २००० सालीं स्वीडनच्या तीन तंत्रविद्यालयांनीं व मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेनें मिळून कल्पना करणें, आराखडा करणें, घडविणें व चालविणें या चार क्रियांभोंवतीं सारा अभ्यासक्रम गुंफण्याचें ठरविलें. बोस्टनजवळच ऑलिन नांवाचें एक लहानसें महाविद्यालय उघडावयाचें होतें, तेव्हां त्याच्या चालकांनीं २००१ सालीं तीस विद्यार्थी आधींच बोलावून त्यांच्यावर अभ्यासक्रमाचे प्रयोग करून पाहिले. बोटास चिमटा लावून रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण दाखविणारें जें उपकरण करोनाच्या साथींत घरोघर पोंचलें, तें या मुलांस करावयास सांगितलें. आणि तेंही त्यांनीं कॉलेजचा एकही विषय पुरा केलेला नसतां. मुलांनीं जुनीं पेटंटें वाचलीं, चुकत माकत उपकरण केलें, आणि तें चाललें. हे विद्यार्थी निवडक होते, हें येथें विसरतां कामा नये. पण "आधीं सारा सिद्धांत, मगच हाताचें काम," हा क्रम विधिलिखित नाहीं, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

इतक्या दूर तरी कशास जावें! पुण्याच्या त्याच १८५४ च्या संस्थेंतील विद्यार्थ्यांनीं 'स्वयम्' नांवाचा सुमारें एक किलो वजनाचा उपग्रह केला व २२ जून २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ या अग्निबाणानें इतर एकोणीस उपग्रहांबरोबर तो आकाशांत नेला. या उपग्रहाची एक योजना सांगण्यासारखी आहे. अवकाशांत उपग्रहाची दिशा स्थिर ठेवावयास एरवीं वीज खाणारीं यंत्रें लागतात. या मुलांनीं चुंबकाचा उपयोग करून पृथ्वीच्या चुंबकत्वाबरोबर होकायंत्राच्या सुईप्रमाणें तो आपोआप वळेल अशी व्यवस्था केली. तिला वीज मुळींच लागत नाहीं. काम २००८ सालीं सुरू झालें होतें. म्हणजे ज्यांनीं आरंभ केला ते केव्हांच पदवी घेऊन गेले, व आपल्या वह्या मागच्यांच्या स्वाधीन करून गेले. पुढच्यास कळेल असें लिहून ठेवणें, ही विद्या कोणत्या प्रश्नपत्रिकेंत येते?

आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचें उदाहरण तर आपल्या घरांतलेंच. चित्रकला शिकावयास गेलेला हा माणूस रंग नीट ओळखतां येत नाहींत म्हणून यांत्रिक रेखनाकडे वळला, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटांत तो विषय शिकवूं लागला, आणि पुढें बेळगांवास सायकलींचें दुकान घालून लोखंडी नांगर करूं लागला. लोखंडानें जमीन विषारी होते या समजुतीनें शेतकरी प्रथम नांगर घेईनात. नांगर उत्तम झाला तरी तो ज्याच्यासाठीं केला त्याच्या मनांत उतरावा लागतो, हा धडा लक्ष्मणरावांस शेतकऱ्याच्या बांधावर मिळाला. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, ती या धड्यानंतर.

आतां पुन्हां आमच्या ओटीवर येऊं. दोन दिवसांनीं आम्हीं पुतण्यास सांगितलें कीं, सहा हजार रुपये घे, पण दुकानास एक पैसाही द्यावयाचा नाहीं. जें काय कराल तें चौघे मिळून हातानें करा. चौघांपैकीं एकाच्या वडिलांस हें मुळींच रुचलें नाहीं; तो मुलगा दुसऱ्या गटांत गेला. राहिलेल्या तिघांनीं विषय शोधण्यांत दिवाळी घालविली. अखेर विषय मिळाला तो आमच्या मातोश्रींकडून. "गच्चीवर कीस घातला कीं कावळे आणि धूळ," ही त्यांची दर फाल्गुनांतील तक्रार. तेव्हां उपासाचा बटाट्याचा कीस वाळविण्यासाठीं उन्हाची पेटी करावयाची ठरली. वर कांच, आंत काळा रंग दिलेला पत्रा, एक चौरस मीटर जागा. एवढ्यास काय लागणार, असें तिघांसही वाटलें.

पहिला फटका सुतारानें दिला. नकाशांत फळ्यांचीं मापें अचूक होतीं. पण करवतीच्या प्रत्येक कापांत लांकडाची थोडी जाडी खाल्ली जाते, ती कोणींच धरली नव्हती. पेटी एका अंगास आंखूड भरली व पुन्हां कापावी लागली. दुसरा फटका आजीनें दिला. कीस दर दोन तासांनीं परतावा लागतो. पेटीची कांच उचलावयास दोन माणसें लागत. "मी काय तुम्हां दोघांना दिवसभर उभं करून ठेवूं?" असें त्यांनीं विचारलें, तेव्हां बाजूनें ओढावयाचा खण करण्यांत आला.

तिसरा फटका सर्वांत मोठा, आणि तो निसर्गाचा होता. मुलांचा हिशेब असा: फाल्गुनांत एका चौरस मीटरावर दिवसभरांत विजेच्या पांच युनिटांइतकें ऊन धरावें, एक किलो पाण्याची वाफ व्हावयास सुमारें दोन-तृतीयांश युनिट लागतें, म्हणजे दिवसांत साडेसात किलो पाणी उडालें पाहिजे. पांच किलो किसांत पाणी जेमतेम चार किलो. सबब दुपारीं तीनच्या आंत कीस कुरकुरीत होणार! पहिल्या दिवशीं सायंकाळीं स्वयंपाकघरांतील कांट्यावर वजन केलें, तों एक किलो सहाशें ग्रॅम पाणी गेलेलें. कांचेच्या आंतून थेंब जमून ते पुन्हां किसावर टपकत होते. आजीनें दोन बोटांनीं कीस चुरून पाहिला व कांहीं न बोलतां त्या घरांत गेल्या.

त्या रात्रीं तिघेही ओटीवर पुस्तकें घेऊन बसले होते, आणि तीन वर्षांत प्रथमच आम्हीं त्यांस पुस्तक गरजेपोटीं उघडतांना पाहिलें. तीस अंशांच्या एका घनमीटर हवेंत फार तर तीस ग्रॅम वाफ मावते, तीच हवा पन्नास अंशांवर त्र्याऐंशीं ग्रॅम धरते. हा कोठा त्यांनीं परीक्षेसाठीं पाठ केलेलाच होता. आतां त्याचा अर्थ लागला. तापलेली हवा वाफ पोटांत घेते खरी, पण ती बाहेर गेली नाहीं तर तिचें पोट भरतें व पुढें वाळणें थांबतें. म्हणून मागच्या अंगास वर झरोका, पुढें खालीं जाळीचीं भोंकें व झरोक्यावर काळ्या पत्र्याचें दोन फूट उंच धुराडें बसविलें. झरोका मोठा केला तर आंतली हवा निवते, लहान केला तर कोंडते. मधलें माप काढावयास आठ दिवस गेले. पत्र्याखालीं लांकडाचा भुसा भरला, तेव्हां तळांतून जाणारी उष्णता कमी झाली. शेवटीं दिवसाला सव्वादोन किलो पाणी उडूं लागलें. म्हणजे साडेसातांचे तीस टक्के. बाकीचे सत्तर टक्के कोठें गेले, तें कांचेवरून परतणारें ऊन, तापलेल्या फळ्या व बाहेर पडणारी ऊन हवा यांत वांटून मुलांनीं एका तक्त्यांत लिहिलें. हा तक्ता कोणत्याही दुकानांत विकत मिळाला नसता.

एवढें करून आजीचा निकाल काय? "गच्चीवर दोन दिवस लागायचे, तुमच्या पेटींतही दोन दिवसच लागले. कावळा तेवढा नाहीं." मुलांनीं तेंच अहवालांत लिहिलें: आमच्या पेटीनें वेळ वांचत नाहीं, कीस स्वच्छ राहतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनीं दहा मिनिटें प्रश्न विचारले, मुलांनीं अडखळत कां होईना स्वतःचीं उत्तरें दिलीं, आणि गुण मिळाले ते मध्यम. ज्या गटानें झगमगत्या दिव्यांचें तयार यंत्र आणलें होतें, त्यास यांच्याहून अधिक मिळाले. त्या सायंकाळीं वहिनी आमच्याशीं फारसें बोलल्या नाहींत, व पुतण्याचा चेहराही उतरला होता. परक्याच्या मुलाच्या गुणांवर आपलीं तत्त्वें पारखून घेण्याचा आम्हांस अधिकार होता काय, हा प्रश्न आम्हीं स्वतःस विचारला आहे, आणि त्याचें समाधानकारक उत्तर अद्यापि सांपडलेलें नाहीं. मुलगा परका नव्हे, पण गुण त्याचे होते, आमचे नव्हते.

म्हणूनच या सुधारणेचा भार एकेका घरानें किंवा एकेका मुलानें वाहावा हें न्याय्य नाहीं. जोंपर्यंत महाविद्यालय चालणाऱ्या यंत्रास गुण देतें व न चालण्याच्या कारणास देत नाहीं, तोंपर्यंत दुकानें चालणारच. आमच्या अल्प मतीस सुचतें तें असें. शेवटच्या वर्षीं एक अवाढव्य प्रकल्प ठेवण्यापेक्षां पहिल्या वर्षापासून प्रत्येक सत्रांत, त्या सत्रांतील एखाद्या विषयाशीं बांधलेलें, तीन-चार आठवड्यांत होण्याजोगें लहान काम द्यावें. त्याचा क्रम ठरलेला असावा: प्रथम हिशेब लिहून शिक्षकाच्या स्वाधीन करावा, मग वस्तु करावी, मग मोजावें, आणि हिशेब व मोजणी यांत जो फरक पडेल त्याचें कारण सांगावें. निम्मे गुण या कारणासच असावे. असें झालें तर विकत आणलेल्या यंत्राचा उपयोगच सरेल, कारण दुकानदार यंत्र देईल, पण त्या मुलाच्या स्वतःच्या चुकलेल्या हिशेबाचें कारण तो कोठून देणार?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, मूलतत्त्वें कच्चीं राहतील. नवख्यास नुसतें सामान देऊन सोडून दिलें तर तीं खरोखरच कच्चीं राहतील. म्हणून काम लहान असावें व शिक्षक जवळ असावा. परंतु नुसतीं व्याख्यानें ऐकून तीं पक्कीं होतात हाही भ्रमच होय. २०१४ सालीं अमेरिकेंत विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचा एकत्र विचार झाला. केवळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणाऱ्यांचें प्रमाण सुमारें ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांकडून वर्गांतच कांहीं करवून घेणाऱ्या वर्गांत सुमारें २२ टक्के आढळलें. यांत प्रकल्पांशिवाय इतरही रीती होत्या, हें खरें. तथापि मुलास स्वस्थ बसवून ठेवणें हा शास्त्र पक्कें करण्याचा मार्ग नव्हे, इतकें त्यावरून उघड होतें.

दुसरा आक्षेप वेळेचा व पैशाचा. साठ मुलांची तुकडी, तींत पंधरा गट. शिक्षकानें किती ठिकाणीं पहावें? हा आक्षेप खरा आहे व त्यास स्वस्त उत्तर नाहीं. कांहीं घालावयाचें तर कांहीं काढावें लागतें. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमांत चार वर्षांचे एकूण श्रेयांक १६० वर आणले, ते अशी मोकळीक मिळावी म्हणूनच. मोकळा झालेला वेळ पुन्हां टिपणें उतरविण्यांत गेला तर दोष परिषदेचा नव्हे. शिवाय प्रत्येक महाविद्यालयाच्या वर्कशॉपांत एखादा जुना मिस्त्री असतो. यंत्राच्या आवाजावरून त्याचा रोग सांगणारा हा माणूस मुलांच्या हजेऱ्या घेण्यांत झिजतो. त्यास गटांमधून हिंडूं द्यावें, वर्कशॉप सायंकाळीं उघडें ठेवावें. पगार तेवढाच राहून शिक्षक मात्र दुप्पट होतील.

शेवटीं आपल्या घरांविषयीं. आपण पांढरपेशी माणसें. आपल्याकडे पाटी-पुस्तकास चुकून पाय लागला तर नमस्कार करावयास शिकवितात, आणि तें योग्यच आहे. पण नळ गळूं लागला व मुलानें पाना हातीं घेतला कीं आपणच म्हणतों, "तूं अभ्यासाला बस, माणूस बोलावला आहे." बारा वर्षें असें म्हणून तेराव्या वर्षीं त्याच मुलास इंजिनियर होण्यास पाठवावयाचें, आणि त्यानें यंत्र विकत आणलें म्हणजे कपाळास हात लावावयाचा, यांत चूक कोणाची? खंडेनवमीस आपण हत्यारांची पूजा करतों; पूजेपुरतीं तरी तीं घरांत असतात. वर्षाचे उरलेले दिवस तीं मुलांच्या हातीं द्यावींत. चार स्क्रू हरवतील, एखादें बोट खरचटेल. एवढा खर्च कोणत्याही घरास झेपण्यासारखा आहे.

आमच्या घरची पेटी गच्चीवर आहे. या फाल्गुनांतही मातोश्रींनीं तींत कीस घातला, व धुराडें थोडें अधिक उंच असतें तर बरें झालें असतें, असें मत दिलें. पुतण्या आतां नोकरीस लागून परगांवीं असतो. त्यास आम्हीं तें पत्रानें कळविलें, तेव्हां त्याचें उलट उत्तर आलें कीं, उंची वाढविल्यास ओढ किती वाढेल याचा हिशेब सोबत पाठवीत आहें, पण मोजून पाहिल्याशिवाय खरें मानूं नका. तें पत्र वहिनींनीं दोनदां वाचून देवघराच्या फडताळांत ठेवलें आहे.